बाइंडिंगच्या आधी कुणीतरी वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी संपत आला की राजारामपुरीतल्या आमच्यासारख्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानांत पोरांची रीघ लागते. बीए, एमए, बीएड, एमएसडब्ल्यू, सगळ्यांचे प्रकल्प आणि लघुप्रबंध एकदमच येऊन आदळतात. टायपिंग, प्रिंट, काळं नाहीतर निळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आणि "काकू, उद्या अकराच्या आत पाहिजे बघा." नवीन शैक्षणिक धोरणामुळं पदवीच्या पोरांनाही क्षेत्र प्रकल्प आला, चौथ्या वर्षाला संशोधन आलं, म्हणजे आमची गिऱ्हाइकी वाढलीच. धंद्याची तक्रार नाही. तरी हे पत्र लिहायला बसले, कारण टाइप करणाऱ्या बाईला जे दिसतं ते प्राचार्यांना आणि विद्यापीठातल्या मंडळींना दिसत असेल असं वाटत नाही. या निबंधांची पहिली वाचक मी असते. पोराच्या वर्गातल्या एकानंही ते वाचलेलं नसतं.

आणि माझं वाचणं म्हणजे तरी काय? 'आणी'चं 'आणि' करायचं, कृतिदेव या जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणताना फुटलेले रफार जागेवर बसवायचे, अनुक्रमणिकेतले पान नंबर जुळवायचे. माझं शिक्षण बीकॉम. संस्थानच्या काळातल्या सारावसुलीवर कुणी लिहिलं तर ते बरोबर की चूक मी सांगू शकत नाही. ते सांगू शकेल, निदान विचारू तरी शकेल, असं माणूस त्याच्याच बाकावर शेजारी बसलेलं असतं. त्याचा स्वतःचा प्रकल्प माझ्याच दुकानात, शेजारच्या कॉम्प्युटरवर चालू असतो. दोघं मिळून चहाला जातात, वडापाव खातात, पण एकमेकांची चार पानं वाचत नाहीत. मार्गदर्शकांना बोल लावत नाही. एकेका सरांच्या नावावर इतकी पोरं असतात की प्रत्येकाचं पान नि पान वाचायचं म्हटलं तर त्यांना झोप सोडावी लागेल. सही मिळते, शिक्का मिळतो. वाचलं जातंच असं नाही.

आता कुणी म्हणेल, पोरं एकमेकांना पाठवतात की! पाठवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकतात. उत्तर येतं, "भावा, एक नंबर!" पाठोपाठ अंगठा. पीडीएफ उघडलेलीसुद्धा नसते. हे मला कसं कळतं? तर त्याच पीडीएफमध्ये 'प्रकरण दुसरे' दोनदा आलेलं असतं आणि तिसरं गायब असतं. आपल्या कोल्हापुरात असल्या प्रकाराला नुरा कुस्ती म्हणतात. तालमीत जोर करताना जोडीदारानं अंग चोरलं तर वस्ताद त्याला शिव्या घालतो, कारण मैदानात पाठीला माती लागायची ती दुसऱ्याच्या. प्रकल्पाच्या बाबतीत मात्र अंग चोरणाऱ्यालाच आपण चांगला दोस्त म्हणतो.

दुसरी एक जात आहे, ती लाल पेनवाली. हे पोरगं दुसऱ्याचं वाचतं, पण फक्त ऱ्हस्व-दीर्घ काढतं. पानभर लाल गोल. 'विद्यार्थि' नव्हे 'विद्यार्थी', 'परिक्षा' नव्हे 'परीक्षा'. बाबांनो, ते माझ्यावर सोडा, मी त्याचे पैसे घेते. तिसरी जात शेरेवाल्यांची. 'भाषा सुधारावी. मुद्दे विस्ताराने मांडावेत. संदर्भ वाढवावेत.' हा शेरा ऊसतोड कामगारांवरच्या प्रकल्पालाही चिकटतो आणि संत साहित्यावरच्याही. वाचायची गरजच नाही.

खरं वाचणं कसं असतं ते मी माझ्या काउंटरवर पाहिलं, म्हणून लिहिते. इतिहासाच्या एका मुलाची रफ प्रत त्याच्या ओळखीच्या एका मुलीनं वाचायला नेली. मुलगी अर्थशास्त्राची. मुलाचा विषय शाहू महाराजांचं आरक्षण. पहिल्याच प्रकरणात वाक्य होतं, 'राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानातील निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांना दिल्या.' मुलीनं शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'निम्म्या म्हणजे कशाच्या निम्म्या? आधीचे कामावर होते त्यांना घरी बसवलं का?'

मुलगा माझ्यासमोर हसला. "एवढं पण माहीत नाही हिला!" मी म्हटलं, "मग सांग की मला तरी." आणि सांगता येईना. आपल्या कोल्हापुरात ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली. दर २६ जूनला जयंतीच्या भाषणात ऐकायची, दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालायचा. सगळ्यांना माहीत आहे म्हणून कुणी विचारतच नाही. त्या मुलीनं विचारलं, कारण तिच्या विषयात टक्के आले की पहिल्यांदा 'कशाचे टक्के' हे विचारायची सवय लावतात.

मुलगा मूळ आदेशाचा मजकूर शोधायला गेला. तो जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा, करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटमधला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. आदेशात म्हटलंय ते असं, की इथून पुढं ज्या जागा रिकाम्या होतील त्यातल्या शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भरायच्या. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी असेल तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाची करायची. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे. म्हणजे कुणाला घरी बसवलं नाही, आणि एका दिवसात निम्म्या नोकऱ्या वाटल्याही नाहीत. कचेरी-कचेरीतून, जागा रिकामी होईल तशी, ही गोष्ट घडायची होती. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: कुठल्या कचेरीत किती जागा रिकाम्या झाल्या, आणि तिथं कोण लागलं? एका वाक्याची जागा पाच पानांनी घेतली आणि मुलगा पुराभिलेखागाराच्या वाऱ्या करायला लागला. मला वाटतं त्या प्रकल्पातली खरी संशोधनाची पानं तीच. त्यांचं मूळ एका अडाणी वाटणाऱ्या प्रश्नात होतं.

म्हणून 'पोरांना एकमेकांच्या विषयातलं काय कळतंय?' हा आक्षेप मला पटत नाही. तो मी एका प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलाय, माझ्याच दुकानात. कळत नाही हाच तर फायदा. जाणकार माणूस तुमच्या निबंधातली गाळलेली पायरी मनातल्या मनात भरून घेतो आणि पुढं जातो. न कळणारा तिथंच अडखळतो, आणि आपण कुठं अडखळलो एवढं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं तरी काम झालं. 'पान ४, दुसरा परिच्छेद, इथं मला समजेना की हे तुझं मत आहे की पुस्तकातलं.' अशी एक ओळ 'छान लिहिलंय'च्या दहा ओळींना भारी पडते.

कधी कधी तर शेजारच्याला आपल्यापेक्षा जास्तच माहीत असतं. कोल्हापुरी चपलेवरच्या एका प्रकल्पात लिहिलं होतं की २०१९ साली महाराष्ट्राला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. निपाणीहून एसटीनं येणाऱ्या वर्गमैत्रिणीनं तिथंच थांबवलं. मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांना मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अथणीच्या कारागिरांना बाहेर ठेवून कोल्हापुरी चपलेवर लिहायचं म्हणजे निम्मं पाऊल! सीमाभागातल्या पोरीला हे घरात बसून माहीत असतं. आपल्याकडं तसली पोरं वर्गावर्गात आहेत. त्यांना विचारतो कोण?

देणाऱ्याचं झालं. घेणाऱ्याचं त्याहून अवघड आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

२०१९ च्या महापुरावर लिहिणारा एक शहरातला मुलगा होता. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, सगळं तक्त्यासकट नीट मांडलेलं. शीर्षक, 'कोल्हापूर जिल्ह्यातील महापूर'. शिरोळ तालुक्यातल्या त्याच्या मित्रानं लिहिलं, 'हे सगळे आकडे कोल्हापूरचे आहेत. आमच्याकडं नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. दोन नद्यांचं पाणी येतं. तुमच्याकडं उतरलं तरी आमच्याकडं उभंच होतं. आमचा तालुका जिल्ह्यात नाही का?'

झालं! शहरातला पोरगा पेटला. माझ्या काउंटरला टेकून तो मित्राला समजावत बसला की मला शिरोळचंही माहीत आहे, मी विचार केला होता, पण जागा नव्हती, सर म्हणाले आटोपतं घे, आणि असं बरंच. शिरोळचा मुलगा शांत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? पानात लिही. परीक्षकाच्या शेजारी तू बसणार हाईस व्हय?"

हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयाच्या फळ्यावर लिहावं असं मला वाटलं. तुमच्या निबंधावर कुणी शंका काढली की तोंडानं उत्तर द्यायचा मोह होतो, आणि उत्तर तोंडात असतं म्हणजे ते कागदावर नसतं. समोरचा बोलत असताना गप्प बसायचं आणि लिहून घ्यायचं, एवढं जमलं तरी पुष्कळ. त्या मुलानं शेवटी शीर्षक बदललं, 'जिल्ह्यातील'च्या जागी 'शहरातील' आलं, आणि प्रस्तावनेत शिरोळ का घेतलं नाही त्याचा परिच्छेद घातला. मित्राचं समाधान झालं नाही, पण निबंध खरा झाला.

त्याच मित्राची दुसरी सूचना मात्र त्यानं मानली नाही, आणि तेही योग्यच केलं. प्रकल्पात त्याच्या आजीचं बोलणं होतं. त्यांचं घर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत. २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं आणि २०१९ ला भिंतीवर कुठवर चढलं, हे म्हातारीनं हात लावून दाखवलेलं. मित्र म्हणाला, "आजीचं बोलणं संशोधनात चालत नाही, काढ." यानं काढलं नाही. त्याऐवजी मुलाखतीची तारीख घातली, आजीचं वय घातलं, ती त्या घरात कधीपासून राहते ते घातलं, आणि भिंतीवरच्या दोन्ही खुणा टेपनं मोजून आणल्या. काढ म्हणणाऱ्याचा उपाय चुकीचा होता, पण त्याला काहीतरी खटकलं होतं ते खरं होतं. ते बोलणं नुसतं गप्पांसारखं आलं होतं. असं दुसऱ्याला खटकलेलं ओळखून उपाय आपला आपण शोधायचा, हे त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

आता आपल्या महाविद्यालयांत तपासणी म्हणजे काय राहिलंय? सॉफ्टवेअरचा रिपोर्ट. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले, त्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. चांगली गोष्ट आहे. पण पोरांनी त्याचा अर्थ असा लावलाय की रिपोर्टवर नऊ टक्के आले की प्रकल्प उत्तम. 'निम्म्या नोकऱ्या दिल्या' हे वाक्य शून्य टक्क्यांतही पास होईल. यंत्र उचलेगिरी पकडतं. 'कशाच्या निम्म्या' हे ते विचारत नाही. आणि आता चॅटजीपीटीनं लिहिलेले परिच्छेदही येतात. ते मला टाइप करतानाच ओळखू येतात, इतके गुळगुळीत. परवा एका मुलीनं मैत्रिणीला तोंडावर सांगितलं, "हे तू लिहिलेलं न्हाईस. तू असं बोलतीस तरी का कधी?" असा शोध लावायला अजून तरी मैत्रीणच लागते.

मोठे संशोधकही या चाळणीतून जातात. 'नेचर'सारखं १८६९ पासून निघणारं नियतकालिक १९७३ पासून आपला प्रत्येक संशोधन लेख त्या विषयातल्या दुसऱ्या संशोधकांकडून वाचून घेतल्याशिवाय छापत नाही. पुढं जाऊन ज्या पोरांना लेख छापायचे आहेत, त्यांना परक्या माणसाच्या शेऱ्यांची सवय पंचविशीनंतर एकदम कशी लागणार? पहिला शेरा आला की रडतात नाहीतर भांडतात.

माझं मागणं फार नाही. महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर प्रकल्पाची एकच तारीख असते, अंतिम. तिच्या तीन आठवडे आधी दुसरी एक तारीख लावा, कच्च्या प्रतीची. त्या दिवशी सरांनी जोड्या लावून द्याव्यात. पोरांनी स्वतः लावल्या की दोस्त दोस्ताला घेतो आणि पुन्हा 'एक नंबर' सुरू. सरांनी लावल्या की चूक दाखवणाऱ्यालाही आडोसा मिळतो. "सरांनी सांगितलंय म्हणून लिहिलं रे" म्हणता येतं, मैत्री शाबूत राहते. जमलं तर दुसऱ्या विषयातला, दुसऱ्या तालुक्यातला जोडीदार द्यावा. गडहिंग्लजच्या पोराला शहरातल्या पोरीचं वाचू दे, तिला त्याचं. बसायला वर्ग मोकळा नसेल तर गावात वाचनालयं आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. तिथं किंवा आणखी कुठल्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास एका टेबलाची सोय विनंती केल्यास होणारच नाही, असं मला वाटत नाही.

याला गुण मात्र ठेवू नका. गुण ठेवले की दोघं मिळून शेरे लिहायला माझ्याच दुकानात येतील, आणि मीच ते टाइप करून देईन. खोटं कशाला बोलू? त्यापेक्षा तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा, "तुझं लिखाण आधी कुणी वाचलं, त्यानं काय विचारलं आणि तू काय बदललंस?" ज्यानं खरंच वाचून घेतलंय त्याला हे उत्तर पाठ करावं लागत नाही. हवं तर पेन्सिलीच्या खुणांची कच्ची प्रतही टेबलावर ठेवायला सांगावी.

यात माझं थोडं नुकसानच आहे. सध्या काय होतं, की बाइंडिंग झाल्यावर घरी जाताना पोरगं प्रकल्प पहिल्यांदा चाळतं, चूक दिसते, परत येतं. पान बदलायचं तर शिवण उसवावी लागते, पैसे पडतात. निम्मी पोरं म्हणतात, "राहू दे काकू, आता बाइंडिंग झालंय." ती चूक मग सोनेरी अक्षरांच्या आत कायमची ग्रंथालयात जाऊन बसते, आणि पुढच्या वर्षीचा पोरगा तिथून उतरवून माझ्याकडं टाइपला आणतो. मला ती ओळखू येते. मी आधी टाइप केलेली असते.

या हंगामापासून आमच्या दुकानात कच्ची प्रत वेगळी काढून मिळेल. ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडं शेरे लिहायला चार बोटं कोरी जागा, कागद एका बाजूनं छापलेला, बाइंडिंग नाही, नुसती पिन. दर साध्या झेरॉक्सचा. पेन्सिल काउंटरवर बांधून ठेवली आहे. एकच अट, प्रत न्यायला दोघांनी यायचं.

आपली,
एक डीटीपी चालक,
राजारामपुरी, कोल्हापूर